हुकावरचा मॅनिफोल्ड

९ जानेवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता स्पेअर पार्टवाल्याकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस, त्याने आधी चक्क हात वर केले होते. मग मी त्याच्या दुकानात स्टूल ओढून बसलो. दोन गिऱ्हाइकं माझं तोंड बघून आल्या पावली परत गेली, तेव्हा त्याने मुकाट्याने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. सहा वर्षांत माझा चेहरा काही सुधारलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

कामाचं विचारायचंय. फक्त कामाचं.

चित्रकलेचे मास्तर आठवतात ना, ज्यांच्या गाडीत ब्रश सापडायचे आणि जॅक सापडायचा नाही? त्यांची ती गाडी अजून जिवंत आहे. धूर इंजिनच्या तोंडाशीच गळतोय, धुराच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय. मॅनिफोल्ड काढायला घेतला तर आठांतले पाच नट सरळ आले, एक गोल झाला तो छिन्नीने फोडला. उरलेले दोन स्टड हेडमध्ये असे गंजून बसलेत की पाना लावला की पानाच हसतो. त्यातला एक आधीच कुणीतरी अर्धा तोडून ठेवलाय. गंज सोडवायचं तेल तीन दिवस पाजलं. शून्य.

गॅस मारल्याशिवाय गत नाही, हे मलाही कळतं. लेथवाल्याकडे घेऊन गेलो. गरम करायचं काम सहा वर्षं मी त्याच्याचकडे पाठवतो. तो म्हणाला, "हेड ॲल्युमिनियमचं आहे, मी हात लावणार नाही. क्षणात वितळून बसेल खाली. हे तुझ्या भावाचं काम." असं म्हणाला आणि लगेच मला चहा विचारला. त्याने मला कधी चहा विचारलाय?

तर सांग, तू कसं करायचास? ज्योत कुठे धरायचास, किती वेळ? मी शेजारीच उभा असायचो, पण बघत कधी होतो? मी त्या वेळात गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचो आणि तू काम केलंस की "आम्ही केलं" म्हणून सांगायचो.

तुझी वहिनी ठीक आहे. थंडीत जरा दम लागतो, बाकी ठीक.

कार्डावर चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

दादा

२३ जानेवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. नऊ ओळी. वर "दादा" नाही, खाली सही नाही, पण अक्षर तुझं, ते मी अंधारातही ओळखीन. खिळे मांडल्यासारखं.

तू लिहिलंस तसं केलं. ज्योत स्टडवर नाही, आजूबाजूला फिरती ठेवली. ॲल्युमिनियम लाल होत नाही, न सांगताच वितळतं, म्हणून त्यावर साबणाच्या वडीने रेघ ओढली आणि रेघ पिवळट व्हायला लागली की ज्योत बाजूला. हे तू करायचास तेव्हा मी म्हणायचो, इंजिनला आंघोळ घालतोस काय रे. मग मेणबत्ती टेकवली. मेण आट्यांत असं ओढलं गेलं की मी बघतच राहिलो. मग सोडायच्या आधी केसभर आवळायचं, मग केसभर सोडायचं, पुन्हा आवळायचं. हेही तुझंच. मला नेहमी वाटायचं की तू उगाच वेळ काढतोस.

पहिला स्टड आला. कुरकुर करत आला, पण अख्खा आला. दुसऱ्याला मी हात लावला नाही. गॅस बंद केला आणि मास्तरांना सांगितलं, सुट्टा भाग मागवलाय, थांबावं लागेल. थापच.

तुझ्या कार्डातली शेवटची ओळ लिहायची गरज नव्हती. "भाग कशाने धुतलाय ते आधी बघ. मी बघितलं नव्हतं." कोणी विचारलं होतं तुला? मी स्टडचं विचारलं होतं. ती ओळ मी अंगठ्याने झाकून बाकीचं कार्ड वाचलं, चार वेळा, आणि मग टूलबॉक्सच्या तळाशी ठेवून दिलं.

आता एक सांगतो, सांगायचं नव्हतं. मी गॅसचा टॉर्च पेटवला तेव्हा तो भप्प आवाज आतल्या खोलीत गेला. भिंत तीच आहे, एका विटेची. तुझी वहिनी पडून होती. तिने मला हाक मारली. हाक म्हणजे काय, ती पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवते, हाक मारायला पुरेल इतका दम आता तिच्यात नसतो. मी गेलो. ती उठून बसली होती, एका हाताने केस सारखे करत होती. म्हणाली, "भाऊजी आलेत का?"

मी म्हटलं, "नाही, मीच आहे."

ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा आडवी झाली.

मागच्या पत्रात ठीक आहे लिहिलं ते खोटं. ऑक्सिजनचं मशीन आता दिवसाचे सोळा तास चालतं. नळी एवढी लांब आहे की ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते, आत येत नाही. म्हणून ती दारात खुर्ची टाकून बसते आणि मी स्वयंपाक करतो आणि ती चुका काढते. त्यातही तिला मजा येते. परवा म्हणाली, "तुम्ही कांदा कापता की इंजिन उघडता?" हे एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले.

दादा

७ फेब्रुवारी

धाकट्या,

आता सरळच लिहितो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा महिना, फार तर पुढचा. आधी त्या आकडा सांगायचं टाळत होत्या. मी त्यांच्या दाराशी उभा राहिलो, माझी ती पद्धत तुला माहीत आहे, शेवटी सांगितलं. फुप्फुसाचा तळ सहा वर्षांपूर्वीच भाजला होता, उरलेल्यावर एवढे दिवस काढले हेच नवल, असं म्हणाल्या. औषध बदलून बघू का विचारलं तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जरा झोपत जा."

तिला तुला बघायचंय. ती रोज म्हणत नाही, पण दिवसाआड म्हणते, आणि मधल्या दिवशी म्हणत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

तुला आठवतंय का, इंजिन उघडलं की बोल्ट ती लावायची. प्रत्येक भागाचा वेगळा डबा, आणि डब्यावर खडूने खूण. आपण दोघं बापजन्मात जुळवू शकलो नसतो. आई गेल्यावर तुला ताट वाढणारी ती, गॅरेजात तुझी बाजू घेऊन मला झापणारीही तीच. मास्तरांच्या गाडीचे बोल्ट मी तिला पलंगावर नेऊन दिले. मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून तिने ते लावले. अर्धा तास पुरेल असं काम तिने पूर्ण दुपार पुरवलं. मध्येच एक बोल्ट उचलून म्हणाली, "हा या गाडीचा नाही." खरंच नव्हता. माझ्या खिशातून गेला होता.

मग विचारलं, "भाऊजी अजून हे काम करतात का हो?"

मी सांगितलं, नाही करत. स्पेअर पार्टवाला सांगत होता, तू गोदामात खोकी चिकटवतोस. खोकी! तुझा हात! चहाचा कप फुटला तर तुकडे न सांडता उचलणारा हात तुझा, आणि तू पट्ट्या ओढत बसलास. मी हे ऐकून स्पेअर पार्टवाल्यावरच ओरडलो, त्याचा काय दोष.

तू ये. एक दिवस ये. सकाळी येऊन संध्याकाळी गेलास तरी चालेल. जुनं काही काढायचं नाही, मी काढणार नाही, तीही काढणार नाही. त्या दिवशी भाग टेबलावर होता की हुकावर, याने आता कोणाचं काय भलं होणार आहे? झालं ते झालं. तिच्या मनात राग नाही. मला माहीत आहे, कारण मी विचारलं.

ये रे.

दादा

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. दोनच ओळी आणि त्यांनी माझी वाट लावली.

"मी वहिनीसमोर येऊ शकत नाही. ज्याने तिचा श्वास हिरावला त्याने शेवटच्या दिवसांत तिला तोंड दाखवू नये."

मी ते पत्र घेऊन गॅरेजात गेलो, शटर अर्धं ओढलं आणि खाली जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात हल्ली, उठायला टेबलाचा पाय धरावा लागतो. तिथून तो हुक बरोबर समोर दिसतो. आजवर मी तो काढला नाही, त्याला काही अडकवतही नाही.

आता नीट वाच आणि मध्ये थांबू नकोस, कारण मी थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

तो नियम तुझाच होता. ब्रेक साफ करायच्या स्प्रेच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचणारा अख्ख्या रस्त्यावर तू एकटा. त्यात लिहिलं होतं की आगीजवळ नेलं तर विषारी वायू होतो. तू म्हणालास, ज्याला गॅस मारायचा तो भाग फक्त साबणपाण्यानेच धुवायचा आणि धुतला की हुकावर टांगायचा. टेबलावर असेल त्यावर स्प्रे मारलेला असू शकतो, त्याला आग लावायची नाही. हुकावर असेल तर डोळे झाकून पेटवायचं. मी तुला कायदेपंडित म्हणायचो. पण पाळायचो. चार वर्षं पाळला.

त्या दिवशी थंडी होती. नळाच्या पाण्याने बोटं बधिर व्हायची, माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या. टॅक्सीवाला दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मॅनिफोल्ड तेलाने माखलेला. मी साबणाच्या बादलीकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, आणि स्प्रेचा डबा उचलला. अर्धा डबा मारला. फडक्याने पुसला, फुंकर घातली, वरून कोरडा दिसला. मला वाटलं, उडून जातो तो, सुकला म्हणजे झालं. आणि सवयीने हात वर गेला आणि मी तो हुकावर टांगला.

मीच टांगला. तू नाही.

त्याच्यावर उष्णता अडवायचा पत्रा होता, दुहेरी. त्या दोन पत्र्यांच्या मध्ये स्प्रे साचून राहिलेला होता. मला ते दिसलं नाही. म्हणजे बघितलंच नाही.

तू आलास, हुकावरून काढलास, पकडीत धरलास, पेटवलास. वारा ज्योत हलवतो म्हणून शटर खाली होतं. मागचा पंखा धूर ओढत होता आणि पंख्याखाली कोपऱ्यात ती बोल्ट लावत बसलेली. तुझ्याकडे यायच्या ऐवजी सगळं तिच्याकडे गेलं. ती म्हणाली, "कसला तरी वास येतोय, ओल्या गवतासारखा." आपण म्हटलं, असेल. तू दोन दिवस खोकलास. ती त्या दुपारी हसत घरात गेली आणि संध्याकाळी निळी पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय जाळलं, त्याच्यावर काय होतं. तू म्हणालास, "काही नव्हतं, धुतलेला होता, मी हुकावरून काढला." आणि मी, तुझा थोरला भाऊ, तुझ्याकडे न बघता म्हणालो, "हुकावर नव्हता. टेबलावर होता. स्प्रे मारलेला."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता भांडशील, गळा धरशील. तू फक्त डोळे मिटलेस, आठवायला लागलास, आणि मग म्हणालास, "असेल."

असेल! माझ्यावर एवढा विश्वास होता तुझा की तू स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाहीस. पडद्याच्या पलीकडे ती मास्क लावून पडली होती. तिने ते ऐकलं. त्यानंतर मला खरं बोलायचं म्हणजे दोघांसमोर बोलायचं होतं, आणि ती मला सोडून गेली असती. किंवा गेली नसती, फक्त माझ्याकडे वेगळं बघायला लागली असती. मला ते झेपलं नसतं. तू कधी ना कधी घराबाहेर पडणारच होतास, असं मी स्वतःला समजावलं. मला मात्र तिच्याच खोलीत राहायचं होतं. लेथवाल्याला मीच सांगितलं, धाकट्याने टेबलावरचा उचलला म्हणून. त्याने रस्त्याला सांगितलं. मग तू गॅसचं काम सोडलंस, मग घर सोडलंस, आणि मी शेजाऱ्यांना म्हणालो, पोराने मनाला फार लावून घेतलं.

तुझा दोष नव्हता. कधीच नव्हता. तुझी आठवण खरी आहे.

तू ये. तू यायच्या आधी मी तिला सांगीन. आजच सांगतो. नाही, आज तिला ताप आहे. उद्या.

दादा

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या दोन ओळींचं उत्तर द्यायला उशीर झाला. एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, टाकायचं राहून गेलं. त्यात विशेष काही नव्हतं.

तुला यायचं नसेल तर जबरदस्ती नाही. वहिनीला सांगितलं की तुला सुट्टी मिळत नाही. ती म्हणाली, "खोक्यांना एवढी काय घाई असते?" मला हसू आलं, आणि मग तोंड फिरवावं लागलं.

मास्तर गाडी ओढून घेऊन गेले, दुसरीकडे दाखवतात. बरं झालं.

तब्येत सांभाळ.

दादा

१२ मार्च

धाकट्या,

ती गेली. परवा, सकाळी साडेअकराला. मी तिच्यासाठी पेज ढवळत होतो आणि दारातली खुर्ची रिकामी होती, कारण त्या दिवशी तिला उठवलं नव्हतं. मशीनचा आवाज चालूच होता. त्या आवाजाने फसवलं मला. मशीन चालू आहे म्हणजे ती आहे, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो.

तार नाही, फोन नाही, तुला असं कागदावर कळवतोय, याबद्दल जे काय म्हणायचं ते म्हण. मी फोन लावला होता. तू उचलला नाहीस आणि मला बरं वाटलं. हेही लिहून टाकतो, आता लपवायला उरलंय काय?

पाकिटात आणखी दोन कागद आहेत. एक माझं एकोणीस तारखेचं पत्र. तेच ते, विशेष काही नव्हतं असं म्हटलं होतं. मी ते घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो होतो. तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा पेटीच्या तोंडात अर्धं घातलं आणि बाहेर ओढलं, पाकिटाचा कोपरा फाटलाय तो त्यामुळे. ते मी टाकलं असतं तर तू आला असतास. चौथ्या दिवशी दारात असतास. तिला दिसला असतास. हा हिशोब मी कसाही मांडला तरी तेवढाच येतो.

आज सकाळी लेथवाल्याकडे गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. हुक, स्प्रे, दवाखाना, सगळं. त्याने मशीन बंद केलं. बराच वेळ हात पुसत राहिला. "पोराला काय काय बोललो मी," म्हणाला, "बाजारात, लोकांसमोर." मग माझ्याकडे पाठ केली आणि मशीन पुन्हा चालू केलं. जा असं म्हणाला नाही. पण मी गेलो. आता तो रस्त्याला सांगेल. तो सांगतोच. यावेळी सांगावं म्हणूनच मी त्याच्याकडे गेलो. पण यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचायला हवं होतं ते फक्त तिच्यापर्यंत.

दुसरा कागद तिचा आहे. अक्षर माझं, शब्द तिचे. ती जायच्या दोन दिवस आधीची दुपार. ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं आणि तिला जरा हुशारी वाटत होती. म्हणाली, "भाऊजींना पत्र लिहायचंय, घ्या कागद." मी वहीचं पान फाडलं. ती म्हणाली, "फाटकं नको, चांगलं घ्या." मी चांगलं घेतलं आणि मांडीवर पुठ्ठा ठेवून बसलो. ती एकेक वाक्य सांगायची, मग मशीनकडून श्वास घ्यायची, मग पुढचं. मी लिहीत होतो.

तू कागद उघडशील तेव्हा दिसेलच, पण मी इथेही उतरवतो, कारण ते माझ्या डोक्यात त्याच क्रमाने बसलंय.

"भाऊजी, तुम्ही आला नाहीत, मी रागावले नाही. तुमच्या हातून एकदा चूक झाली. काम करणाऱ्याच्याच हातून होते. मी ती त्याच दिवशी सोडून दिली होती, तुम्हीच धरून बसलात. मी तुम्हाला मनापासून माफ केलंय, हे तुमच्या दादांच्या अक्षरात लिहून घेते, म्हणजे तुम्हाला खरं वाटेल. ते खोटं लिहीत नाहीत. खोकी चिकटवणं सोडा आणि पुन्हा गॅस हातात घ्या. जेवत जा."

"तुमच्या हातून" लिहिताना मी थांबलो. पेन कागदावर तसंच ठेवलं, शाईचा ठिपका पडलाय बघ तिथे. मला वाटलं, आत्ता. हे एक वाक्य आत्ता थांबवायचं, एवढंच. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती शुद्धीवर होती, चिडायलाही दम उरला नव्हता तिच्यात, मला सोडून कुठे जाणारही नव्हती. भीती वाटण्यासारखं एकही कारण शिल्लक नव्हतं, आणि तरी मला भीती वाटली. तिने डोळे उघडून विचारलं, "शब्द चुकला का?" मी म्हटलं, "नाही, सांग पुढे." आणि तिने पुढचं सांगितलं.

"ते खोटं लिहीत नाहीत," हेही मी लिहिलं. याच हाताने.

पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवलं. "जेवत जा" ऐकून ती स्वतःशीच हसली. तिने खाली सही केली, ती वाकडी ओढलेली रेघ म्हणजे तिचीच सही आहे. मग कागद मला परत दिला, उशी नीट करून घेतली, आणि म्हणाली, "खाली जागा आहे अजून. तुम्हाला काही लिहायचंय त्यांना?"

मी म्हटलं, "नाही."